डोहावरची हाळी

माझ्या दोन्ही बाळांनो,

हे मराठीत लिहिते आहे, कारण जे झालं ते मराठीतच झालं. अडलं तर बाबांना विचारा. बाबांना अडलं तर त्यांनी मला फोन करावा, मी काही बोलणार नाही.

आत्ताच का लिहायला बसले ते आधी सांगते. तुम्ही त्या गवताळ पार्कातल्या दरीचा व्हिडिओ पाठवलात, तो मी आणि आजोबांनी टीव्हीवर लावून पाहिला. आधी नुसतं गवत, आकाशाला टेकेपर्यंत सपाट, आणि गाडी चालली आहे तर चाललीच आहे. मग एकदम जमीन संपली, खाली तांबडी दरी, तिच्या तळाशी झाडं, आणि वाटेवरून उतरणारे ठिपक्याएवढे तुम्ही. मी हातातली वाटी खाली ठेवली. शेवटी तुम्ही कॅमेऱ्यात तोंड घालून विचारलंत, "आजोबा, समरमध्ये तुम्ही आमच्याबरोबर खाली येणार ना?"

दुसऱ्या दिवशी फोनवर आजोबा म्हणाले, "मी आता गेटापर्यंतचा माणूस आहे रे." तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, ते गंमत करताहेत. ती गंमत नव्हती. आम्ही उन्हाळ्यात तिकडे यायचं की नाही, हे बाबांना या महिन्यात कळवायचं आहे, आणि आजोबा काय ते बोलत नव्हते. म्हणून त्या फोननंतर, याच जानेवारीतल्या एका रविवारी काय झालं ते मी तुम्हाला नीट क्रमाने सांगते.

सव्वा वर्षापूर्वी आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, चढा, मोठ्याने हसा, पहिल्यासारखे वागा. पण आजोबांची सगळी नोकरी तारापूरच्या वीज केंद्रात यंत्रांच्या काट्यांकडे बघण्यात गेली. काटा हिरव्या पट्ट्यात असला की निवांत बसायचं, पट्ट्याबाहेर सरकू लागला की उठायचं. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या शरीरालाही तसेच काटे बसवले. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायची ती चिमट्यासारखी डबी त्यांनी दोरी बांधून गळ्यात घातली. सोसायटीच्या गेटापर्यंत चालायचं, डबी बोटाला लावायची, आकडा बघायचा आणि परत फिरायचं. आवाजही त्यांनी खाली आणला. छातीचं हाड जोडलेलं आहे, त्याच्यावर ताण नको, म्हणून वर्षभर ते शेजारी कोणी झोपलं असावं तसे बोलत होते. बोईसरच्या बाजारात भाजीवाला दर वेळी गाडीवरून पुढे वाकून विचारायचा, "क्या बोला, अंकल?"

आणि आजोबांच्या घरात आजोबांचा आवाज ही काही साधी गोष्ट नव्हती. ते कसं, ते सांगते.

माकुणसारला त्यांचं घर. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की घरातली सगळी माणसं सफाळ्याच्या मागच्या डोंगरात एका घळीपाशी जायची. घळीच्या तोंडाशी शेत आहे, तिथे उकडहंडी लावायची. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, कोनफळ, रताळी, छोटी वांगी, ओवा, मीठ, मिरची-लसणाचं वाटण. पाणी थेंबभरही नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उलटं घालायचं, वर गवत आणि झावळ्या रचायच्या. एवढं आपल्याकडे सगळेच करतात. आमच्या घरचं वेगळेपण पुढे आहे. हंडी रचली तरी पेटवायची नाही. एकाने खाली थांबायचं आणि बाकीच्यांनी घळीतून वर, अगदी टोकाच्या डोहापर्यंत चालत जायचं. डोहावर पोचल्यावर हाळी द्यायची. घळीच्या दोन भिंतींमधून ती हाळी खाली शेतापर्यंत येते. ती ऐकली की खालच्या माणसाने गवताला काडी लावायची. वरची माणसं उतरून येईपर्यंत शेंगा शिजतात. हाळी आली नाही, तर हंडी पेटत नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंना विचारलं होतं, हे असंच का? त्या म्हणाल्या, "मग कशी पेटवायची?"

हाळी देणार तुमचे आजोबा. ते शाळेत होते तेव्हापासून तेच देत आले.

शस्त्रक्रियेनंतर लगेच आलेल्या गेल्या थंडीत आम्ही हंडी बोईसरच्या इमारतीच्या गच्चीवर लावली आणि लायटरने पेटवली. शेंगा शिजल्या होत्या. सगळ्यांनी छान झाल्या म्हटलं आणि पातेलंभर उरल्या.

या वर्षी वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे तुमची आत्याआजी, आजोबांची थोरली बहीण. माहेर माकुणसारचं आणि सासरही माकुणसारचंच, त्यामुळे बोलणं आणि चालणं दोन्ही तिथलं राहिलं आहे. त्यांनी मला विचारलंच नाही, सांगितलं. "रविवारी शेंगा येतायत. मी घळीत चाललेय. तुमी गच्चीवर लावा, नायतर गॅसवर लावा."

मी फोन आजोबांच्या कानाला लावला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, मी खाली शेतात बसेन."

"बस की," पलीकडून एवढं मोठ्याने आलं की मलाही ऐकू आलं. "पण खाली बसणाऱ्याचं काम काडी लावायचं. हाळी कोण देणार, मास्तरीणबाई?"

मास्तरीणबाई म्हणजे मी. कॉलनीतल्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, ते त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही भाड्याची गाडी केली, माकुणसारहून वन्संना घेतलं आणि सफाळ्याच्या पलीकडे निघालो. भात कापून झालेली शेतं, त्यांत हिरवे वालाचे तुकडे, मधूनमधून ताडाची झाडं. डोंगर तसे काही उंच नाहीत. रस्त्यावरून बघितलं तर त्यांच्यात काही दडलेलं असेल असं वाटणारही नाही. तुमच्या गवताच्या मैदानासारखंच, शेवटच्या पावलापर्यंत काही कळत नाही. कच्चा रस्ता एका बांधापाशी संपला. ड्रायव्हर बिहारचा मुलगा, बोईसरच्या कारखान्यातलं काम सोडून गाडी चालवतो. तो मागे वळून म्हणाला, "चाचाजी, रास्ता तो खतम हो गया."

"आमचा इथूनच चालू होतो," वन्सं म्हणाल्या आणि उतरल्या.

शेत जिचं आहे ती बाई पाड्यावर राहते. पावसात भात आणि नागली करते, ओलीवर वाल पेरते. नवरा थंडीत वीटभट्टीवर जातो, तेव्हा सगळं तिच्यावर. वन्संची आणि तिची जुनी ओळख आणि जुनं भांडण. शेंगा निबर निघाल्या की कोवळ्या, यावरून दर वर्षी त्या दोघी एकमेकींना बोलतात. मडकं भरून उलटं घालून झालं तेव्हा ती आजोबांकडे बघून म्हणाली, "दादा वर जाणार ना? मागल्या साली मी वाट बघली. हाळी नाय आली तं मी म्हटलं, माणसा गेली का काय."

आजोबा गवतावर बसायला जागा बघत होते. ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी डबी बोटाला लावली, आकडा बघितला आणि म्हणाले, "जमेल तेवढं येतो."

घळीत शिरतानाची पहिली गोष्ट म्हणजे ऊन जातं. एका दगडाला वळसा घातला की मागे शेत, कोंबड्यांचा आवाज, लांबच्या रेल्वेगाडीचा आवाज, सगळं कोणी झाकण घातल्यासारखं बंद होतं. वाट अशी नाहीच. ओढ्याचं पात्र हीच वाट. जानेवारीत पाणी वाहत नाही, ते एका खळग्यातून दुसऱ्यात दगडांखालून जातं, दिसत नाही, नुसतं बोलत असतं. दोन्ही बाजूंना काळा दगड. तुमच्या दरीचा दगड तांबडा आणि मोकळा होता, तिथे माणूस दुरून दिसतो. इथे भिंती हाताला लागतात. थंड, ओलसर, आणि त्यांच्यावर आडवे थर, एखाद्या खूप जाड पुस्तकाच्या कडेसारखे. प्रत्येक थर म्हणजे एकदा वितळून वाहत आलेला आणि थिजलेला दगड. हे मी शाळेत मुलांना भूगोलाच्या तासाला बदली शिक्षिका म्हणून कित्येकदा सांगितलं. तिथे तळहात ठेवला की ते सांगणं किती लहान होतं ते कळतं.

मग रांजण लागले. पात्रातल्या खडकाला गोल, खोल भोकं आहेत, काही वाटीएवढी, काहींत मी उभी राहीन एवढी. आतून अशी गुळगुळीत की कुंभाराने हात फिरवला असावा. तळाशी गोटे पडलेले असतात. पावसात पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, गोटे फिरतात, आणि गोटे फिरून फिरून खडक कोरतात. त्यातला एक गोटा मी उचलून बघितला. तो लिंबाएवढा होता आणि अजून काम करत होता. मी तो होता तिथे परत ठेवला.

वर वडाच्या जातीच्या पायरीच्या झाडांची मुळं कड्यावरून खाली उतरली आहेत, ओतल्यासारखी, दगडाची प्रत्येक भेग शोधत. मान वर केली तर आकाशाची एक पट्टी, आपण चालतो तशी आपल्याबरोबर वळणारी. वन्संनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला होता आणि त्या पुढे. मध्ये आजोबा, मागे मी. कोणी बोलत नव्हतं. वन्संसुद्धा. एवढा वेळ त्या गप्प असलेल्या मी दुसरीकडे कुठे बघितलेल्या नाहीत.

अर्ध्याहून जास्त वाट गेल्यावर घळ आवळत जाते. तिथे एक मोठा धोंडा वरून पडून अडकलेला आहे आणि त्याच्या खालून, गुडघाभर पाण्यातून, दोन्ही हातांनी खडक धरत जावं लागतं. त्या जागी ऊन वर्षातून कधी पोचत असेल असं वाटत नाही. पाणी इतकं गार होतं की बोटं आपली राहिली नाहीत. आम्ही एकेक करून पलीकडे निघालो. पलीकडे एका कट्ट्यासारख्या खडकावर आजोबा बसले आणि त्यांनी डबी बोटाला लावली.

त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. मी वाकून बघितलं. आकडा नव्वदच्या खाली होता.

"बस," ते म्हणाले. "इथून मागे."

मी लगेच पिशवीतून पाणी काढलं. त्यांना धाप लागली नव्हती, ओठ नेहमीसारखे होते, पण आकडा समोर दिसत होता आणि मी आकड्याकडेच बघत होते.

"काय झालं?" वन्संनी विचारलं. त्या खडकाला टेकून सुपारी चघळत होत्या.

"ऑक्सिजन कमी दाखवतंय, ताई."

"इथं? एवढी हवा हाय, आणि त्या डबीला दिसत नाय?"

"तुला यातलं कळत नाही."

"नाय कळत. आण इकडं. वर्षभर गळ्यात मिरवतोस, एकदा आमालाबी लावून बघू दे."

आजोबांनी वाद नको म्हणून डबी त्यांच्या बोटाला लावली. वन्संनी बोट वर धरलं, जसं मतदानाची शाई दाखवतात. आकडा आला. आजोबा बघत राहिले.

"किती?"

आजोबांनी डबी नीट बसवून पुन्हा बघितलं.

"अरे बोल की. तुझ्यापेक्षा जास्त का कमी?"

"कमी," आजोबा म्हणाले.

"म्हणजे मी आधी जाणार." त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "थांबा मग, बसून घेते. उभ्याने कुठं मरू."

आजोबांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. मग दुसराही घेतला. "ताई," ते म्हणाले, "बर्फ झालेत तुझे हात."

मग ते एकटेच हसायला लागले. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलवत. त्यांनी आपले दोन्ही हात काखेत घातले आणि तसेच बसून राहिले. आम्ही दोघी बघत होतो. हातात ऊब आल्यावर त्यांनी पुन्हा डबी लावली. आकडा वर चढत गेला आणि गेटापाशी रोज असतो तिथे येऊन थांबला.

"काटा पट्ट्याबाहेर गेला की आधी काटाच तपासायचा," ते म्हणाले. "नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवायचो." त्यांनी डबी गळ्यातून काढली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"आता मी मरत नाय ना?" वन्संनी विचारलं. "मग चला. खाली ती बाई वाट बघत आसंल."

तिथून डोह लांब नाही. पण तो दिसतो कसा, ते मला लिहिता येईल का, मी सांगू शकत नाही. तुम्ही आंब्याच्या फोडीलाही ऑसम म्हणता आणि दरीलाही. त्यावरून मी तुम्हाला फोनवर टोकत असते, की तो शब्द जपून ठेवा, कधीतरी लागेल. मला तो तिथे लागला.

शेवटच्या वळणावर घळ एकदम उघडते आणि तुम्ही एका विहिरीच्या तळाशी उभे असता. विहीर कसली, एखादं देऊळ आत बसेल एवढी गोल जागा, तिन्ही बाजूंना सरळ काळा कडा, आणि तळाशी डोह. काळाही नाही आणि हिरवाही नाही अशा रंगाचा. पावसात इथे धबधबा कोसळतो. आता कड्यावरून एकेक थेंब पडत होता, आणि प्रत्येक थेंबाचं वर्तुळ डोहाच्या काठापर्यंत सावकाश येत होतं. दुपार होत आली होती. वरच्या तोंडातून ऊन तिरपं आत आलं, पाण्याला लागलं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचं जाळं हलू लागलं. ओल्या दगडावरचे नेचे, मुळं, दगडाचे थर, सगळ्यांवरून ते जाळं फिरत होतं. एवढा मोठा काळा डोंगर श्वास घेतो आहे असं वाटत होतं. मी अनेक वर्षांत अनेकदा तिथे आले आहे. दर वेळी मी मनाशी म्हणते, आता आपल्याला माहीत आहे काय दिसणार. दर वेळी मी चुकते.

आम्ही तिघं खडकावर बसलो. आजोबांनी बूट काढले. वन्सं पाण्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने आजोबा उठले, पाण्याच्या अगदी कडेला गेले, घळीच्या तोंडाकडे वळले आणि एक हात छातीवर ठेवून त्यांनी हाळी दिली.

ती फार बारीक आली. समोरच्या वळणापर्यंतही गेली नसावी.

"ही हाळी?" वन्सं म्हणाल्या. "मला वाटलं फोन लावलास."

आजोबांनी छातीवरचा हात बघितला, जणू तो कोणी दुसऱ्याने ठेवला होता. तो त्यांनी खाली घेतला. दोन्ही हात तोंडाशी नेले. मी डोळे मिटले.

त्या हाळीत शब्द नसतो. एक लांब हाक असते, शेवटी वर चढणारी. ती कड्याला लागली, तिन्ही बाजूंनी परत आली, आणि मग घळीने ती घेतली. खरंच घेतली, दुसरा शब्द मला सापडत नाही. ती आमच्यापासून दूर जाताना ऐकू येत होती, वळणावर वळण, खाली, अजून खाली. कड्याच्या कपारींमधून पाकोळ्या एकदम बाहेर पडल्या, शेकड्याने, आणि त्या उजेडाच्या जाळ्यातून वर आकाशाच्या तोंडापर्यंत गेल्या. आजोबा तसेच उभे होते, हात तोंडाशी. त्यांना काही झालं नव्हतं. छाती वर-खाली होत होती, माणसाने ओरडल्यावर होते तेवढीच.

आम्ही कान देऊन बसलो. थेंबाचा आवाज. पाकोळ्यांचा आवाज. मग फार लांबून, दगडांतून गाळून आल्यासारखी, बाईच्या आवाजातली हाक आली. आणि थोड्या वेळाने घळीतून वर चढत आलेला गवताच्या धुराचा वास.

वन्संनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पेटवली मेलीने. आता करपवणार."

उतरताना आम्ही जरा जास्तच रेंगाळलो. आजोबा प्रत्येक रांजणापाशी थांबून आत बघत होते, धोंड्याखालून जाताना त्यांनी वन्संना हात दिला, आणि गाण्यातलं काहीतरी त्यांच्या खऱ्या आवाजात गुणगुणत होते. त्यामुळे हंडी तोंडाशी खरोखरच करपली होती. त्या शेतवाल्या बाईने निखारे बाजूला ओढून बाकीची वाचवली होती. वन्सं म्हणाल्या शेंगा निबर आहेत, ती म्हणाली मावशीचे दात गेलेत. बिहारच्या ड्रायव्हरला पानावर वाढलं, त्याने कोनफळाचा जांभळा तुकडा उचलून विचारलं, हे काय, आणि मग आणखी मागितलं. पातेल्यात घरी न्यायला काही उरलं नाही.

बाबांना उन्हाळ्याबद्दल आजोबा स्वतः फोन करतील. फोन कानापासून जरा लांब धरा, असं त्यांना सांगून ठेवा. तुमच्या दरीत उतरताना त्यांना मध्ये मध्ये बसावं लागेल आणि तुम्हाला थांबावं लागेल. हाताला ऊब येऊ देऊन मगच डबी लावायची, एवढं मी बघेन.

घळ आहे तशी आहे. डोहात जानेवारीतही पाणी आहे. आजोबांची हाळी खालच्या शेतापर्यंत पोचते.